गाडी वेळेवर होती

आमच्या स्टेशनाचं नाव दाइगाकुमाए. अर्थ सरळ आहे, विद्यापीठासमोर. आता ते विद्यापीठ आमच्यासमोरून उठून टेकडीवर गेलं त्याला एकोणीस वर्षं झाली होती, पण नाव आपलं जिथल्या तिथे. मागे राहिली ती फक्त शेतकी शाखा, कारण वर्ग आणि पुस्तकं ट्रकात घालून नेता येतात. सफरचंदाच्या बागा आणि गाई कोण डोक्यावर घेऊन टेकडी चढणार? कुणी पाहुण्याने खवचटपणे विचारलंच, की अहो, समोर आहे तरी काय, तर तिकिटाच्या खिडकीतून उसामी किनुएबाई ठणकावून सांगायच्या, की शेतकी शाखा आहे, आणि ती विद्यापीठाची सख्खी आहे, सावत्र नाही.

किनुएबाई खरं म्हणजे रेल्वेच्या नोकर नव्हेत. कंपनीने आपली माणसं काढून घेतली तेव्हा गावातल्याच कुणीतरी खिडकी चालवावी असं ठरलं आणि ती किनुएबाईंनी घेतली. त्याआधी वीस वर्षं त्या स्टेशनासमोरच्या दोनमजली घरात विद्यार्थ्यांना ठेवून घ्यायच्या. बारा पोरं, दोन वेळचं जेवण, आणि रात्री दहानंतर दाराला कडी. नवरा सफरचंदाच्या बागेत रमणारा आणि महिन्याकाठी चार वाक्यं बोलणारा, त्यामुळे दोघांच्या वाटचं बोलणं बाई एकट्याच उरकायच्या. विद्यापीठ हललं त्या वसंतात बाराच्या बारा खोल्या रिकाम्या झाल्या. बाईंनी बारा गाद्या उन्हात घातल्या, झोडपल्या, गुंडाळून कपाटात टाकल्या, आणि विद्यापीठाला अशा शिव्या घातल्या की समोरच्या न्हाव्याने दुकानातला रेडिओ बंद करून ऐकल्या म्हणतात. पुढच्याच महिन्यात त्या खिडकीत बसल्या. कंपनी फक्त दंडावर बांधायची पट्टी देत होती. बाईंनी भांडून टोपी घेतली. टोपीशिवाय मी हुकूम कसा सोडणार, असा त्यांचा सवाल होता.

वर्षातला एक दिवस मात्र त्या टोपीचं खरंच काम पडायचं. पंचवीस फेब्रुवारी, विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचा दिवस. परीक्षा सगळ्या शाखांची टेकडीवर. तिथे जायचं तर आमच्या आधीच्या कुरामी जंक्शनला उतरून बस धरायची. पण लांबून आलेलं पोर डब्यातल्या नकाशावर काय पाहणार? विद्यापीठासमोर असं चांगलं ठसठशीत छापलंय म्हटल्यावर ते तिथेच उतरणार. दरसाल अशी तीनचार पोरं चुकून उतरायची, आणि किनुएबाई त्यांना फाटकातच पकडायच्या.

त्यांची रीत रेल्वेचीच होती. आमच्याकडे गाडीवरचा माणूस सिग्नल दिसला की नुसता पाहत नाही, बोट दाखवून मोठ्याने बोलतो, म्हणजे नजर चुकायची सोय राहत नाही. बाई तेच उतारूंना करायच्या. फलाटावर उभ्या राहून एकेकावर बोट रोखायचं आणि म्हणायचं: गवळी, ठीक! मास्तर, ठीक! ओसावाची म्हातारी, ठीक! परीक्षा! परीक्षेचं पोर कसं ओळखायचं, तर ते गाडीतून उतरलं की आधी मान वर करून पाट्या वाचतं. गावचा माणूस आपल्याच पायांकडे बघत चालतो. एकदा पोर ओळखलं की त्याच्या हातात भाताचा गोळा द्यायचा, कोमाईच्या टॅक्सीत कोंबायचं, आणि टॅक्सीच्या टपावर दोन थापा मारायच्या. एकोणीस वर्षांत एकही पोर परीक्षेला मुकलं नव्हतं, आणि ही गोष्ट बाई तुम्हाला पहिल्या भेटीत सांगितल्याशिवाय सोडत नसत.

त्या वर्षी जानेवारीत कंपनीचं पत्र आलं. स्टेशनाच्या नावामुळे लोकांची दिशाभूल होते, तरी नाव बदलून गावाचं जुनं नाव कुवाहारा द्यावं असा विचार आहे. मार्चमध्ये गावची सभा घेऊ. कुवाहारा म्हणजे तुतीचं माळरान. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. विद्यापीठ गेलं ते गेलं, आता नावही न्यायचं? आणि द्यायचं काय, तर माळरान! त्यांनी थंडीत दारोदार फिरून आठशे बारा सह्या गोळा केल्या. नवऱ्याने सही करताना त्या वर्षातलं एक वाक्य खर्च केलं, की बयो, तुती वाईट नसते. बाईंनी ते कानाआड केलं.

मग कंपनीचे विभागप्रमुख कुसाका यांनी डोकं चालवलं. चाळिशीचा, सभ्य, हातमोजे घालूनही हात चोळत बोलणारा माणूस. त्यांनी कळवलं की मी पंचवीस तारखेलाच येतो आणि चुकणारी पोरं स्वतः बघतो. बाई म्हणाल्या, या की, डोळे भरून बघा.

आदल्या दिवसापासून बर्फ पडत होतं. सकाळी आठ बाराच्या गाडीने कुसाका उतरले आणि त्याच गाडीतून तीन पोरंही उतरली, तिघांच्या माना वर. बाईंनी कुसाकांच्या देखत तिघांवर बोट रोखलं, तीन गोळे वाटले, टॅक्सी भरली, टपावर थापा. सगळं मिळून चार मिनिटं. कुसाकांनी घड्याळ पाहिलं आणि प्रामाणिकपणे वाहवा केली. इथेच घात झाला. स्तुती म्हणजे बाईंचा जीव की प्राण. त्यांनी साहेबांना शेगडीपाशी बसवलं, चहा दिला आणि एकोणीस वर्षांची पोरं पहिल्यापासून सांगायला घेतली. एक पोरगा उलट्या करत आलेला, एक चपला विसरून आलेली, एक तर चक्क आदल्या दिवशीच आलेला. आठ छत्तीसची गाडी आली तेव्हा बाई फाटकाकडे पाठ करून उभ्या होत्या आणि बोट हवेत होतं खरं, पण ते कुसाकांच्या नाकासमोर. म्हणत होत्या, की नाव चुकीचं असेल हो, पण इथे बसलेलं माणूस चुकत नाही.

त्यांच्या पाठीमागून गोठ्यावर कामाला जाणारी चार माणसं गेली, आणि त्यांच्या मागोमाग, त्यांच्यासारखीच आपल्या पायांकडे बघत, एक मुलगी गेली.

नऊ वाजून पाच मिनिटांनी ती मुलगी धावत परत आली. केसांवर बर्फ, शाळेचे काळे बूट घोट्यापर्यंत ओले, आणि हातात परीक्षेचं ओळखपत्र. नाव मियाशिता चिहारू, दूरच्या मासेमारी बंदरातली. तिने शेतकी शाखेसाठीच अर्ज केला होता. शेतकी शाखा इथेच आहे हे तिने घरी नीट बघून ठेवलं होतं, रस्ता पाठ केला होता, म्हणून ती पाट्या न वाचता सरळ चालत गेली होती. शाखेचं फाटक बंद. पहारेकऱ्याने सांगितलं, की बाळ, शाखा इथे पण परीक्षा टेकडीवर. एवढं सांगता सांगता तिला रडू फुटलं.

आठ छत्तीसची गाडी, किनुएबाईंना लगेच कळलं. हे पोर त्यांच्या पाठीमागून गेलं होतं, आणि त्या बढाया मारत होत्या. पण चेहऱ्यावर काही न दाखवता त्यांनी आधी विद्यापीठाला फोन केला. साडेनऊला परीक्षा सुरू, दहा वाजेपर्यंत आत घेऊ, एक मिनिट पुढे गेलं तर नाही. मग कोमाईला फोन. तो म्हणाला, "वहिनी, वळणावर ट्रक आडवा झालाय, रस्ता तुंबलाय. तुमची तीन पोरं शेवटचा चढ पायी चढवून मी गाडीतच अडकलोय." परतीची गाडी नऊ चोवीसला, जंक्शनला जाऊन बस धरेपर्यंत सव्वादहा.

शेगडीपाशी कुसाका उभे राहिले होते. गाडी उशिरा आली की स्टेशन एक चिठ्ठी देतं. ती दाखवली की विद्यापीठ अशा मुलाला वेगळ्या खोलीत बसवून परीक्षेचा पूर्ण वेळ देतं. तो चिठ्ठ्यांचा गठ्ठा खिडकीच्या खणात होता हे कुसाकांना माहीत होतं. ते मुलीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "उसामीबाई, बर्फाचा दिवस आहे. एक चिठ्ठी फाडा. सही मी करतो."

साहेब मनापासून बोलत होते. त्या सभ्य माणसाने नोकरीत कधी खोटी सही केली नसेल. बाईंनी खणाकडे पाहिलं, आणि मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही.

"गाडी वेळेवर होती, कुसाकासाहेब," त्या म्हणाल्या. "उशीर माझा आहे. माझा उशीर गाडीच्या माथी मारायचा नाही."

आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी विभागप्रमुखांच्या डोक्यावर ठेवली. खिडकी उघडी असताना ती सोडायची नाही हा नियम, तेव्हा तुम्ही बसा. जंक्शनचं तिकीट डावीकडे, ओसावाच्या म्हातारीला ऐकू कमी येतं, आणि शेगडीला तेल घाला. कोपऱ्यात बर्फ झाडताना घालायचे गमबूट होते, कुठल्यातरी जुन्या भाडेकरू पोराने मागे ठेवलेले. ते मुलीच्या पायात चढवले, तिचे ओले बूट कापडी पिशवीत टाकून पिशवी स्वतःच्या दंडात अडकवली, आणि बाई निघाल्या.

विद्यापीठ टेकडीवर गेलं तेव्हा पहिलं वर्षभर बस नव्हती. बाईंची जुनी पोरं तलावाच्या बांधावरून, बागांतून त्यांना भेटायला यायची आणि बाई त्यांना त्याच वाटेने वर पोचवायच्या. चांगल्या हवेत चाळीस मिनिटं. घड्याळात नऊ बारा झाले होते आणि बाईंचं वय होतं त्रेसष्ट.

बांधापर्यंत मुलगी रडत होती. बाई पुढे चालून बर्फ तुडवत होत्या, म्हणजे मागच्या पावलांना वाट मिळावी. त्यांनी मागे न बघता सांगितलं, की रडायचं ते परीक्षा झाल्यावर पोटभर रड, आत्ता नाकाने श्वास घे, आणि मी पाय टाकते तिथेच पाय टाक.

"आजी, पोचू ना आपण?"

"आजी कुणाला म्हणतेस गं? काकू म्हण. आजीला एवढं चालवत नाही."

मुलगी रडता रडता हसली आणि पावलं जरा बरी पडू लागली. चढणीला लागल्यावर बाईंनी विचारलं, की समुद्राकाठची तू, मासे सोडून तुला माती का उकरायची? ती म्हणाली, आमच्या बंदरामागे डोंगर आहे, त्यावर खाऱ्या वाऱ्याने काही जगत नाही. आजोबांनी तीनदा लिंबं लावली, तीनदा गेली. का गेली ते मला शिकायचंय. बाईंनी पुढचं पाऊल आणखी जोराने तुडवलं. वीस वर्षं बारा बारा पोरांना जेवू घातलं त्यात इतकं सरळ उत्तर त्यांना दोनचारदाच मिळालं असेल.

बागांमधल्या पायऱ्या बर्फाखाली गेल्या होत्या, पण बाईंना त्या ठाऊक होत्या. कुठल्या झाडाशी वळायचं, कुठे दगड हलतो, सगळं ठाऊक. लाल गळपट्टा बांधलेल्या दगडी जिझोपाशी, म्हणजे वाटसरूंच्या देवापाशी, त्या दर खेपेला हात जोडायच्या. आज नुसती मान लववून म्हणाल्या, देवा, परत येताना. दोनदा घसरल्या. दुसऱ्यांदा गुडघा आपटला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि तेव्हा मात्र त्यांना भीती वाटली. आपण पडलो तर या पोरीला वाट कोण दाखवणार? आयुष्यभर दुसऱ्यांना धीर देत आलेली बाई, त्या क्षणी मनातून पुरती घाबरली होती. मुलीने हात दिला. उठल्या, आणि पुन्हा पुढे झाल्या.

विद्यापीठाच्या मागच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा दहाला चार मिनिटं कमी होती. छातीवर फीत लावलेला एक माणूस ओळखपत्र पाहून मुलीला घेऊन धावला. ती दोन पावलं जाऊन वळली आणि कमरेत वाकून नमस्कार करू लागली.

"नंतर!" बाई ओरडल्या. "आभार मानायला येऊ नकोस मला. शेतकीचे पहिलं वर्ष इथे वर काढतात, दुसऱ्या वर्षाला खाली येतात. तेव्हा माझ्या खिडकीवर पास काढायला ये."

मुलगी गेली. बाई फाटकाला टेकून पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की बुटांची पिशवी आपल्या दंडातच आहे आणि पोरगी दुसऱ्याचे गमबूट घालून परीक्षेला बसली आहे.

परत आल्या तर खिडकीत टोपी घातलेले कुसाका घामाघूम. त्यांनी म्हातारीला उलट्या दिशेचं तिकीट दिलं होतं आणि ती त्यांना तिथेच उभं राहून झापत होती. पोचली, एवढंच बाईंनी सांगितलं. कुसाकांचा जीव भांड्यात पडला. ते म्हणाले, की हे मी अहवालात लिहिणार नाही, काळजी करू नका. बाईंनी टोपी परत घेतली आणि म्हणाल्या, लिहा. सगळं लिहा, पाठ फिरवून उभी होते तेही लिहा.

मार्चमधल्या सभेला पंचायतीचं सभागृह भरलं होतं. सगळे बाईंच्या गर्जनेची वाट पाहत होते. न्हावी तर टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत बसला होता. सह्यांचा गठ्ठा टेबलावर. बाई उठल्या आणि त्यांनी पंचवीस तारखेची गोष्ट सांगितली, स्वतःला एका शब्दाने न वाचवता.

"एकोणीस वर्षं मी म्हणत आले, पोरं चुकतात पण मी पकडते. मला ते आवडत होतं, खरं सांगते. माझ्या घरातली बारा पोरं गेली, त्या बदल्यात वर्षातून तीनचार मिळत होती. पण त्यांनी चुकायचं कशाला? मला पकडता यावं म्हणून?" त्यांनी गठ्ठ्यातून आपली सही असलेलं पहिलं पान काढलं आणि घडी करून खिशात ठेवलं. "बाकीच्यांनी आपापलं बघा. माझी सही मी मागे घेते. नाव बदला."

न्हावी संतापला. तीन महिने आम्हाला नाचवलंस आणि आता हे, असं काय काय बोलला. बाईंनी ऐकून घेतलं, आणि हे गावाने प्रथमच पाहिलं. मतं पडली ती थोडक्याने बदलाच्या बाजूने. ऑक्टोबरात नवी पाटी लागली, कुवाहारा. नवरा पाटीखाली उभा राहून बराच वेळ बघत होता. पण बोलला नाही, शहाणा माणूस.

प्रवेशाची यादी मार्चमध्येच लागली होती. बाई टेकडीवर जाऊन पाहू शकल्या असत्या, कोमाई न्यायला तयार होता. त्या गेल्या नाहीत. नाव नसलं तर, हा विचार त्यांना सोसत नव्हता, आणि पोरगी अर्धा तास उशिरा बसली होती ती कुणामुळे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. सापडलेली वस्तू आठवड्यात पोलीस चौकीत द्यायची असते. काळे बूट मात्र वाळवून, पॉलिश करून त्यांच्या स्वतःच्या कपाटात राहिले. नियमावर बोट ठेवणारी ही बाई, पण त्या बुटांबद्दल कुणी विचारायचं नाही.

पुढच्या पंचवीस फेब्रुवारीला त्यांनी सवयीने भाताचे गोळे केले. कोमाई टॅक्सी घेऊन आला. आठ बारा झाली, आठ छत्तीस झाली, नऊची झाली. बाई फलाटावर बोट रोखून उभ्या. गवळी, ठीक. मास्तर, ठीक. एकाचीही मान वर नाही. साडेनऊला त्या शेगडीपाशी येऊन बसल्या आणि दोघांनी मिळून गोळे खाल्ले. कोमाई म्हणाला, वहिनी, सुनं सुनं वाटतंय. बाई म्हणाल्या, वाटू दे, असंच वाटायला हवं. पण चौथा गोळा त्यांनी कोमाईपुढे सरकवला, तो त्यानेच संपवला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात खिडकीखालून पासाचा एक फॉर्म आत सरकला. शिक्षण, शेतकी शाखा, दुसरं वर्ष. कुठून, कुरामी. कुठपर्यंत, दाइगाकुमाए. बाई दुसऱ्या कुणाची मोड मोजत होत्या, त्यांनी वर न बघताच फॉर्म परत ढकलला.

"या नावाचं स्टेशन आमच्या लाइनवर नाही. खोडून नीट लिही."

"पण काकू, मला तुम्ही याच स्टेशनवर पास काढायला सांगितलं होतंत."

मग खिडकीच्या फळीवर धुऊन चकचकीत केलेले गमबूट आले. बाईंनी मान वर केली. मुलगी उन्हाने रापली होती आणि नखांत माती होती. त्या उठल्या, कपाट उघडलं, काळे बूट काढून गमबुटांशेजारी ठेवले आणि पुन्हा जागेवर बसल्या.

चिहारूने जुनं नाव खोडलं आणि वर कुवाहारा लिहिलं. बाईंनी त्या नावावर बोट ठेवलं, मोठ्याने वाचलं, "कुवाहारा, ठीक!" आणि शिक्का मारला. तो उलटा पडला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले, शिक्का फिरवून हातात नीट धरला, आणि दुसऱ्यांदा मारला.